मत, बाईमाणूस आणि रानशेत

मराठीत 'मत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एखाद्या गोष्टीविषयी माणसाला जे वाटते ते मत, आणि निवडणुकीच्या दिवशी पेटीत पडते तेही मतच. मताधिकाराचा इतिहास लिहिणारे बहुधा दुसऱ्या अर्थापाशी थांबतात. कोणत्या साली कोणता कायदा झाला, कोणत्या परिषदेत कोणता ठराव आला, किती जणींची नावे यादीत चढली, असा तो हिशेब असतो. हा हिशेब आवश्यक आहे, परंतु पहिला अर्थ बाजूला ठेवून तो मांडला की एक महत्त्वाचा प्रश्न निसटतो. जिला कोणी कधी 'तुझे काय मत आहे?' असे विचारलेच नाही, तिच्या हातात पेटीत टाकण्याचे मत आले, तेव्हा नेमके काय घडले?

मुंबई इलाख्यातील स्त्रियांना १९२१ साली मताधिकार मिळाला, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. विधान खरे आहे. पण ते मुंबईतल्या गिरगावात किंवा पुण्यातल्या सदाशिव पेठेत उभे राहून केले तर एक अर्थ देते आणि डहाणू तालुक्यातल्या रानशेतात उभे राहून केले तर दुसराच. या लेखात रानशेत हे नाव मी केवळ एका गावाचे म्हणून घेत नाही. एका बाजूला रान, दुसऱ्या बाजूला शेत आणि दोन्हींवर दुसऱ्याची मालकी, अशी अवस्था ज्या डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या शेकडो पाड्यांनी भोगली, त्यांचे ते प्रातिनिधिक नाव आहे. तिथल्या वारली स्त्रीच्या जागी उभे राहून या चळवळीचा इतिहास पुन्हा वाचावा, एवढाच या लेखाचा हेतू.

१

प्रथम शहरातली कथा. १८ डिसेंबर १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांना मद्रास येथे स्त्रियांचे एक शिष्टमंडळ भेटले. सरोजिनी नायडू त्याच्या प्रमुख होत्या आणि मार्गारेट कझिन्स यांनी निवेदनाच्या मसुद्याची जबाबदारी घेतली होती. मागणी साधी होती : राजकीय सुधारणांमध्ये 'जनता' या शब्दाची व्याख्या करताना स्त्रियांना वगळू नये. पुढच्याच वर्षी मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या विशेष अधिवेशनात स्त्रियांच्या मताधिकाराला पाठिंबा देणारा ठराव मंजूर झाला.

तरीही मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीने स्त्रियांना वगळले. समाज सनातनी आहे, पडदा आहे, अशा परिस्थितीत स्त्रियांना मत देणे अकाली ठरेल, असा तिचा सूर होता. या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी १९१९ साली मुंबईहून हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन लंडनला गेल्या आणि संसदेच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. या मायलेकींच्या मनात मताधिकाराचे बीज काही वर्षे आधीच पडले होते. १९११ साली काश्मीरमध्ये त्यांची गाठ महाराजा दुलीपसिंगांची कन्या सोफिया हिच्याशी पडली. सोफिया इंग्लंडमधल्या मताधिकार चळवळीतली लढाऊ कार्यकर्ती होती आणि त्या चळवळीचे बिल्ले अंगावर मिरवीत असे. मिठन पुढे बॅरिस्टर होऊन मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या.

लंडनहून स्पष्ट होकार मिळाला नाही आणि स्पष्ट नकारही नाही. १९१९ च्या कायद्याने हा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. स्त्रियांना मत द्यायचे की नाही, हे ज्यात एकही स्त्री नाही अशा पुरुषांच्या सभागृहाने ठरवायचे होते. मद्रासने एप्रिल १९२१ मध्ये आणि मुंबईने त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात अनुकूल ठराव केला. मुंबई इलाख्यातील या आंदोलनाच्या अग्रभागी रमाबाई रानडे होत्या. 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी'च्या वाचकांना या गोष्टीचे विशेष वाटावे. ज्या मुलीला घरातल्या बायकांच्या डोळ्यांआड अक्षरे गिरवावी लागली, तीच साठीच्या उंबरठ्यावर कायदेमंडळाच्या दारात उभी राहून मताचा हक्क मागत होती. १९२४ साली रमाबाई वारल्या.

ही कथा अभिमानाने सांगावी अशीच आहे. तिला लावायचे प्रश्न तिची थोरवी कमी करण्यासाठी नाहीत, हे आरंभीच नोंदवून ठेवतो.

२

१९२१ चा ठराव काय सांगत होता? स्त्री असणे ही यापुढे अपात्रता राहणार नाही, एवढेच. पुरुषांसाठी ज्या अटी होत्या त्या कायम होत्या आणि त्या मालमत्तेच्या होत्या. मुंबई इलाख्याच्या ग्रामीण मतदारसंघांत मतदार होण्यासाठी किमान ३२ रुपये शेतसाऱ्याची जमीन कसणाराच्या नावे असावी लागे. रत्नागिरी आणि पंचमहाल या जिल्ह्यांपुरती ही मर्यादा १६ रुपये होती. ठाणे जिल्ह्याला ती सवलत नव्हती.

आता हे बत्तीस रुपये रानशेतात नेऊन पाहावेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि नंतरच्या काळात डहाणू-उंबरगाव भागातल्या वारल्यांच्या जमिनी सावकार, जंगल-ठेकेदार आणि जमीनदार यांच्या ताब्यात गेल्या होत्या. जो पूर्वी मालक होता तो कूळ झाला आणि कुळाचा वेठबिगार झाला. जिथे पुरुषाच्याच नावावर जमीन उरली नव्हती, तिथे त्याच्या बायकोच्या नावावर ती कुठून असणार? त्यामुळे १९२१ च्या जुलैमध्ये रानशेतच्या वारली स्त्रीच्या आयुष्यात कोणताही बदल झाला नाही. स्त्री म्हणून असलेली तिची अपात्रता गेली, पण त्या अपात्रतेखाली गरिबीची दुसरी अपात्रता होती आणि ती तिच्या नवऱ्याच्याही वाट्याला आलेली होती.

स्त्री-मताधिकाराचा इतिहास केवळ लिंगभेदाच्या चौकटीत का लिहिता येत नाही, हे इथे दिसते. रानशेतच्या स्त्रीला तिच्या वर्गापासून आणि जमातीपासून सुटे करून 'स्त्री' म्हणून मताचा हक्क देण्याची सोयच नव्हती. तिला मत मिळायचे तर ते सर्वांबरोबरच मिळू शकत होते. हे ओळखणारेही त्या काळात होते. सायमन कमिशनच्या वेळी मुंबईच्या प्रांतिक समितीचे सदस्य म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२९ साली जे स्वतंत्र निवेदन जोडले, त्यात प्रौढ मताधिकाराची मागणी होती. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसनेही तीच मागणी स्वीकारली. १९२७ साली पुण्यात पहिली बैठक भरलेली अखिल भारतीय महिला परिषद आणि इतर प्रमुख स्त्री-संघटनाही गोलमेज परिषदेच्या काळात हेच म्हणत होत्या : राखीव जागा नकोत, सवलती नकोत, सरसकट प्रौढ मताधिकार हवा.

३

१९३२ च्या लोथियन समितीला ही मागणी अव्यवहार्य वाटली. एवढ्या मोठ्या निरक्षर देशात सर्वांचे मतदान घेणार कसे, असा तिचा प्रश्न होता. स्त्री-मतदारांची संख्या तर वाढवायची होती. मग जी वाट निघाली ती १९३५ च्या कायद्यात आली : ठरावीक पात्रता असलेल्या पुरुषाची पत्नी किंवा विधवा असणे हीच स्त्रीची पात्रता मानावी. साक्षरतेचीही एक वाट ठेवण्यात आली. काही प्रांतांत तर पत्नी म्हणून नाव नोंदवायचे असल्यास तिने स्वतंत्र अर्ज करावा, अशी अट होती. स्त्री-संघटनांनी या 'पत्नीत्वाच्या पात्रते'ला विरोध केला. स्त्रीचे नागरिकत्व तिच्या लग्नावर का अवलंबून असावे, हा त्यांचा आक्षेप आजही तितकाच टोकदार वाटतो. १९३३ साली राजकुमारी अमृत कौर, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी आणि बेगम शरीफा हमीद अली यांनी संयुक्त समितीपुढे तो मांडला. तरीही कायदा झाला. देशभरातल्या सुमारे साठ लाख स्त्रिया मतदार झाल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा कोणाची तरी बायको म्हणून.

लग्नावर आधारलेली ही पात्रता वारली समाजाच्या संदर्भात ठेवली की तिच्यातला उपरोध लक्षात येतो. वारल्यांच्या लग्नात पुरोहित ब्राह्मण नसतो. लग्न लावण्याचा मान धवलेरीचा, म्हणजे एका स्त्रीचा असतो. ती गाते आणि तिच्या गाण्याने लग्न लागते. झोपडीच्या भिंतीवर लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. ज्या चित्रकलेचे आज जगभर कौतुक होते, तिचे मूळ या स्त्रियांच्या अधिकारात आहे. समाजाचा सर्वांत गंभीर विधी स्त्रीच्या तोंडून पार पडावा, ही गोष्ट तिच्या मताला काही किंमत असल्याशिवाय घडत नाही.

पण त्याच लग्नाची दुसरी बाजू 'लग्नगडी' या शब्दात आहे. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरी राबायचे. या करारात अंगठा पुरुषाचा असे, राबणूक मात्र दोघांची. बायकोही मालकाच्या खळ्यावर आणि घरात विनामोबदला खपे, आणि तिच्या देहावरही मालक हक्क सांगे. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३९ च्या अहवालात या पद्धतीची आणि स्त्रियांवरील अत्याचारांची नोंद केली आहे. म्हणजे एकाच दशकात, एकाच इलाख्यात, एका स्त्रीला लग्नामुळे मत मिळत होते आणि दुसरी लग्नामुळे गुलाम होत होती. दोघींचाही करार नवऱ्याच्या नावावर होता.

१९३५ च्या कायद्याची आणखी दोन कलमे इथे पाहायला हवीत. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी सहा जागा स्त्रियांसाठी आणि एक जागा मागास प्रदेश व जमाती यांच्यासाठी राखून ठेवली होती. स्त्री आणि आदिवासी अशी दोन वेगवेगळी खाती पाडली गेली. दोन्ही खात्यांत बसणारी स्त्री साहजिकच कोणत्याच खात्यात दिसेना. शिवाय १९३६ च्या आदेशाने डहाणू आणि शहापूर हे तालुके आणि मोखाडा, उंबरगाव हे पेटे 'अंशतः वगळलेले प्रदेश' ठरले. आदिवासींचे संरक्षण हा त्यामागचा सांगितलेला हेतू होता. पण राज्यकारभाराच्या भाषेत ज्या मुलखाचे नावच 'वगळलेला' असे आहे, तिथल्या माणसांच्या मताविषयी राज्यकर्त्यांची काय कल्पना होती, ते वेगळे सांगायला नको.

४

१९४५ च्या मे महिन्यात या भूभागाच्या संदर्भात दोन गोष्टी घडल्या. दोन्ही एकत्र वाचल्या जात नाहीत, म्हणून त्या शेजारी ठेवतो.

मुंबईतील एका भाषणात डॉ. आंबेडकरांनी जातीय प्रश्न सोडवण्याची योजना मांडली. तिच्यात त्यांनी आदिवासी जमातींना स्थान दिले नाही. मिळालेल्या राजकीय संधीचा उपयोग करून घेण्याइतकी राजकीय जाण त्यांच्यात अद्याप आलेली नाही आणि त्या इतरांच्या हातचे साधन होतील, असे कारण त्यांनी दिले. प्रौढ मताधिकाराचा सर्वांत निष्ठावंत पुरस्कर्ताही इथे साशंक होता. या शंकेत तुच्छता नव्हती. दुर्बलांचा वापर कसा होतो याचा अनुभव होता. पण शंका होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्याच महिन्याच्या २३ तारखेला तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले. वेठबिगार करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, मजुरी ठरल्याशिवाय मालकाच्या जमिनीवर काम करायचे नाही, असे ठराव त्यांनी केले. त्याच वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली होती. तिथे गेलेल्या मोजक्या वारल्यांपासून या जागृतीचा आरंभ झाला आणि तिच्या केंद्रस्थानी गोदावरी परुळेकर होत्या. पुण्याच्या गोखले घराण्यातली, कायद्याची पदवी घेतलेली, भारत सेवक समाजात काम केलेली ही स्त्री पाड्यापाड्यांतून पायी हिंडली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांच्या जिवाला धोका असल्याची अफवा पसरली, हजारो वारली तलवाड्याला गोळा झाले आणि पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी ठार झाले. एका स्त्रीच्या रक्षणासाठी म्हणून आलेली ती माणसे होती.

झरीला निवडणूक नव्हती, मतपेटी नव्हती. हात वर करून केलेले ठराव होते. पण 'मत' या शब्दाचा पहिला अर्थ घेतला तर या पट्ट्यातले पहिले मतदान तेच होय. लग्नगडीची प्रथा मोडली तेव्हा सर्वांत मोठी सुटका स्त्रीची झाली, कारण त्या करारावर तिचा अंगठाही नव्हता.

या लढ्याची कहाणी गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याच्या शीर्षकापाशी जरा थांबावे. मराठीत 'माणूस' हा शब्द पुल्लिंगी असला तरी त्यात स्त्री सामावते, आणि तरीही तिच्याविषयी बोलायचे तर 'बाईमाणूस' असा वेगळा शब्द लागतो. 'बाईमाणसाने यात पडू नये' हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकीने ऐकले आहे. गोदावरीबाईंच्या पुस्तकातला 'माणूस' जागा होतो तेव्हा बाईमाणूसही जागे होते, पण तिचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचतात ते लेखिकेच्या प्रमाण मराठीतून गाळून. लेखिकेची सहानुभूती निर्विवाद आहे. तरी वारली स्त्रीचे मत आणि तिच्याविषयीचे मत यांत अंतर उरते. हे पुस्तक वर्गात शिकवताना त्या अंतराची चर्चा व्हायला हवी.

५

संविधान सभेत जयपालसिंग मुंडा यांनी १९४७ च्या जानेवारीत एक तक्रार नोंदवली होती. अल्पसंख्याक आणि आदिवासी क्षेत्रे यांच्याविषयीच्या सल्लागार समितीत एकाही आदिवासी स्त्रीचे नाव नाही, अशी ती तक्रार होती. तिचा परिणाम झाला नाही. मात्र त्याच सभेने पुढे अनुच्छेद ३२६ स्वीकारला आणि एकवीस वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला मत दिले. शेतसारा, साक्षरता, पत्नीत्व या साऱ्या अटी एका अनुच्छेदाने पुसल्या गेल्या. डॉ. आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष होते. १९४५ ची शंका १९४९ च्या संविधानात अट बनून आली नाही, ही गोष्ट त्यांच्या आणि त्या सभेच्या मोठेपणाची साक्ष आहे.

ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदारांच्या याद्या करताना एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. अनेक ठिकाणी स्त्रिया स्वतःचे नाव सांगेनात. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच ओळख त्या देत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारायला नकार दिला. मत हवे तर नाव सांगावे लागेल, अशी त्यांची भूमिका होती. परिणामी सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळपास २८ लाख जणींची नावे यादीतून गेली. त्या मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या राज्यांतल्या होत्या. सेन यांचा निर्णय त्या निवडणुकीपुरता कठोर ठरला, पण त्याने एक तत्त्व प्रस्थापित केले. १९३५ च्या कायद्याने 'कोणाची बायको' ही पात्रता ठरवली होती. सोळा वर्षांनी तेच उत्तर अपुरे ठरले.

निरक्षर मतदाराची चिंता लोथियन समितीला सतावत होती. तिच्यावरचा तोडगा अगदी साधा निघाला. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने हवी त्या पेटीत कागद टाकायचा. भिंतीवर चौक लिहिणाऱ्या आणि चित्रातून देव ओळखणाऱ्या बाईला चिन्ह ओळखणे अवघड जाण्याचे कारण नव्हते. १९५७ च्या निवडणुकीत ठाणे मतदारसंघातून श्यामराव परुळेकर लोकसभेवर निवडून गेले. ज्यांना बारा वर्षांपूर्वी राजकीय जाण नाही असे मानले गेले होते, त्यांनी आपले मत कोणाच्या बाजूला आहे ते सांगितले होते. ते मत कोणाला पटो वा न पटो, ते त्यांचे होते.

६

पुढची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्या डोळ्यांसमोर घडली आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागा राखल्या गेल्या, १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींचे प्रमुखपद आदिवासींसाठी राखीव झाले आणि २०११ साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांतील स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. १९३५ साली 'स्त्री' आणि 'आदिवासी' ही दोन खाती वेगळी होती. रानशेतसारख्या गावात आज ती एकत्र आली आहेत : सरपंच आदिवासी असणार आणि आळीपाळीने ती स्त्री असणार. पालघर हा स्वतंत्र जिल्हा २०१४ साली झाला, तेव्हापासून जिल्ह्याचे ठिकाणही पूर्वीपेक्षा जवळ आले आहे.

तरीही शब्दाचे दोन अर्थ अजून पुरते जुळलेले नाहीत. सरपंचबाईच्या खुर्चीशेजारी तिचा नवरा बसतो आणि तोच बोलतो, हे दृश्य महाराष्ट्रात अनोळखी नाही. पत्नीत्वाची पात्रता कायद्यातून गेली, पण मागच्या दाराने ती परत येऊ पाहते. मुंबईच्या आणि पुण्याच्या सुशिक्षित स्त्रियांनी १९३० च्या दशकात या पात्रतेला दिलेला नकार आज रानशेतच्या ग्रामसभेत उपयोगी पडणारा आहे, आणि झरीच्या माळावर हात वर करणाऱ्यांचे धैर्यही. या दोन परंपरांना एकमेकींविरुद्ध उभे करण्याची फॅशन अलीकडे आहे. हेराबाईंनी लंडनमध्ये साक्ष दिली नसती तर स्त्री ही 'जनता' ठरायला आणखी काही दशके लागली असती. झरी घडले नसते तर ठाणे जिल्ह्याच्या उत्तर पट्ट्यात ते हक्काचे मत मालकाच्या सांगण्यावरून पडले असते. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही एकत्र शिकवायला हवीत.

यापुढे परीक्षेत 'मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार केव्हा मिळाला?' असा प्रश्न आला तर विद्यार्थ्याने '१९२१' हे उत्तर जरूर लिहावे. त्यानंतर एक ओळ सोडून 'कोणत्या स्त्रियांना?' असा प्रश्नही लिहावा. त्या ओळीसाठी गुण राखून ठेवणे शिक्षकांच्या हातात आहे.